मोरीला दार कधी आलं?



गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. आमच्या एका गटाच्या बैठकीत कर्जाची मागणी आली, अठरा हजारांची. मागणी करणाऱ्या वहिनींनी कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, "मोरी दुरुस्ती". शेळी नाही, शिलाई मशीन नाही, पोराची फी नाही, तर मोरी! बैठकीत हसू पिकलं. एक काकी म्हणाल्या, "अगं, मोरीतनं काय उत्पन्न येणार? हप्ता कशातनं फेडशील?" आणि खरं सांगते, गटाची समन्वयक म्हणून मीसुद्धा मान डोलावली. म्हटलं, "वहिनी, आधी कमाईचं बघू. मोरीचं पुढच्या वर्षी."

वहिनी भांडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "ताई, लग्न होऊन आले तेव्हापासून पुढच्या वर्षीच ऐकतेय. बावीस वर्षं झाली."

ते वाक्य माझ्याबरोबर घरी आलं. बी.ए.ला माझा विषय इतिहास होता. लढायांच्या, तहांच्या सनावळ्या पाठ केल्या. पण ज्या कोपऱ्यात आपण रोज आंघोळ करतो, भांडी घासतो, बाळाला न्हाऊ घालतो, त्या कोपऱ्याचा इतिहास कुणी शिकवला नव्हता. तो शोधला, जुन्या बायकांना विचारला. आज तोच तुम्हाला सांगते. शेवटी वहिनींच्या मोरीचं काय झालं, तेही सांगते.

आधी खूप मागं जाऊ. सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वी सिंधू नदीच्या खोऱ्यात मोहेंजोदडो नावाचं शहर होतं. आज ती जागा पाकिस्तानात आहे. साधारण शंभर वर्षांपूर्वी तिथं खोदकाम झालं, तेव्हा बहुतेक घरांत आंघोळीची वेगळी जागा सापडली. भाजक्या विटा एकमेकींना अगदी घट्ट भिडवून केलेली फरशी, तिला एका कोपऱ्याकडं उतार, तिथून भिंतीबाहेर जाणारी नाली आणि गल्लीत झाकलेलं गटार. आपल्या शेजारच्या गुजरातेत, लोथलला, अशाच जागा सापडल्या. मोहेंजोदडोला सगळ्यांसाठी एक मोठं स्नानकुंडही होतं, सुमारे १२ मीटर लांब आणि ७ मीटर रुंद. त्यातलं पाणी झिरपू नये म्हणून विटांच्या मागं चक्क डांबराचा थर दिलेला होता.

म्हणजे उतार, नाली आणि न झिरपणारी फरशी, या तिन्ही गोष्टी माणसाला तेव्हापासून माहीत आहेत. मग आमच्या वहिनींच्या मोरीत पाणी का तुंबत होतं? कारण माहिती असणं वेगळं आणि ती प्रत्येकाच्या घरी पोचणं वेगळं.

आपल्याकडचे जुने वाडे आठवा. मागच्या चौकात आड, आडाजवळ न्हाणीघर, तिथं पाणी तापवायचा तांब्याचा बंब आणि मोठं घंगाळ. खाली दगडी फरशी, भिंतीला चुन्याचा गिलावा. अठराव्या शतकाच्या मध्याला नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावातून जमिनीखालच्या नळानं पुण्यात पाणी आणलं आणि ते शहरातल्या हौदांत सोडलं. त्याच्याही शंभराहून जास्त वर्षं आधी मलिक अंबरनं औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, नहर बांधून पाणी खेळवलं होतं. सोय होती. पण ती राजधानीत, वाड्यात, पैसेवाल्याकडं होती. आणि वाड्यातसुद्धा पाणी शेंदायला, बंब पेटवायला, न्हाणी घासायला दुसऱ्याच कुणाचे तरी हात होते.

गावातल्या साध्या घरात काय होतं? दगड-मातीच्या दोन हात जाड भिंती, वर माळवद किंवा कौलं. चुलीपासून चार पावलांवर, घराच्या कोपऱ्यात, अडीच-तीन हातांची मोरी. भोवती वीतभर कठडा, खाली एक-दोन शहाबादी फरश्या, भिंतीला एक भोक. भोकातून पाणी बाहेर पडायचं ते परसातल्या अळूला, कर्दळीला नाहीतर केळीला. पाणी लांबून डोक्यावर आणायचं, म्हणून त्याचा थेंब वाया जात नसे. ही पद्धत हुशारीची होती, ते मान्यच करायला हवं.

पण त्या मोरीत काय काय व्हायचं बघा. हंडे-कळशा तिथंच. भांडी तिथंच. पाहुण्यांचे हातपाय तिथंच. रात्री लेकराबाळांची लघवी तिथंच. आणि बाईची आंघोळ तिथंच. पुरुष विहिरीवर, नदीवर, नाहीतर अंगणातल्या दगडावर उघड्यानं आंघोळ करून मोकळा व्हायचा. बाईनं मात्र कोंबडा आरवायच्या आत, अंधारात, अंगावरच्या लुगड्यासकट आंघोळ उरकायची. फार तर जुनं लुगडं दोरीवर आडवं टाकायचं. मोरीला भोक होतं, कठडा होता. दार नव्हतं. माझ्या सासूबाई सांगतात, "आम्ही अंग धूत नव्हतो गं, नुसतं ओलं करून घेत होतो."

आपल्या भाषेत मात्र ही न्हाणी बाईच्या आयुष्याला पदोपदी चिकटलेली आहे. संस्कृतातल्या स्नान शब्दापासून न्हाण आलं, न्हाणावरून न्हाणी. मुलीला पाळी आली की तिला न्हाण आलं म्हणायचं. मोठी झाली की ती न्हातीधुती झाली. बाळंतिणीला आणि बाळाला न्हाऊ घालायची जागा तिच्या खोलीतच करायचे, म्हणजे वारं लागू नये. कढत पाण्यात गार पाणी मिसळायचं, त्या गार पाण्याला विसण म्हणायचं, हा शब्द आता आपल्या लेकींना माहीत नाही. संत जनाबाईच्या नावावरच्या एका अभंगात ती न्हायला बसते, विसण नसतं, आणि देव स्वतः तिच्यासाठी पाणी आणतो. दुसऱ्यांच्या घरी राबणाऱ्या बाईला कुणीतरी न्हाऊ घालावं, हे सुख एवढं दुर्मीळ होतं की ते देवाकडूनच मिळालं!

पाण्याच्या इतिहासात आणखी एक भिंत होती, जातीची. ज्यांना पाणवठ्याला हातच लावू देत नव्हते, त्यांच्या बायकांनी आंघोळीचं पाणी कुठून आणायचं? १८६८ साली महात्मा जोतीराव फुल्यांनी पुण्यात आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्या लोकांसाठी खुला केला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. ती लढाई माणूस म्हणून मान मिळवण्याची होती. मोरीचा इतिहास सांगताना ही पानं वगळली, तर तो फक्त वाड्यातल्यांचा इतिहास होईल.

आता मुंबईकडं वळू, कारण आजच्या मोरीतल्या कितीतरी गोष्टी तिथून गावात आल्या. १८६० साली विहार तलावाचं पाणी नळानं मुंबईला मिळू लागलं. गिरण्या वाढल्या, आपल्याच गावांतली माणसं चाळीत राहायला गेली. दहा-बारा फुटांच्या खोलीत एक कोपरा मोरीचा. पाणी आत आलं, पण बाहेर जायची वाट नीट नव्हती. १८९६ ला मुंबईत प्लेग आला, पुढं पुण्यात पसरला. प्लेगच्या रोग्यांची सेवा करतानाच १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले गेल्या. प्लेग उंदरांच्या अंगावरच्या पिसवांमुळं पसरतो, हे पुढं नक्की कळलं. पण त्या साथीनं सरकारचं लक्ष घरातल्या अंधाराकडं, कोंदट हवेकडं आणि तुंबलेल्या गटारांकडं वळलं. १८९८ ला मुंबईत त्यासाठी खास इम्प्रुव्हमेंट ट्रस्ट नेमला गेला.

गटाराला नळी जोडली की दुसरी अडचण येते. पाणी बाहेर जातं तसा वास, झुरळं आत येतात. त्यावरचा उपाय १७७५ साली लंडनमधल्या अलेक्झांडर कमिंग नावाच्या घड्याळजीनं शौचकूपासाठी केला होता. नळीला वाक द्यायचा, म्हणजे वाकात थोडं पाणी कायम उभं राहतं आणि तेच बुचासारखं वास अडवतं. मोरीच्या जाळीखाली बसवतात त्या भांड्यात हीच युक्ती असते. त्या भांड्याला आपल्या देशातले इंजिनिअर काय म्हणतात माहीत आहे? न्हाणी ट्रॅप! आपल्या आजीच्या तोंडचा न्हाणी शब्द इंग्रजी पुस्तकांत जाऊन बसला. हार्डवेअरच्या दुकानात जाल तेव्हा बिनधास्त मागा.

मग सिमेंट आलं. १९१४ साली पोरबंदरला सिमेंटचा कारखाना सुरू झाला. पुढं हळूहळू गावोगाव चुन्याची घाणी बंद पडली. फरशी गेली, गुळगुळीत टाइल आली. दिसायला छान, पण पाणी पडलं की घसरगुंडी.

आणि सरकारी योजना? त्यांनी मोठं काम केलं. गाडगेबाबांच्या नावानं २००० साली राज्यात ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं, तेव्हा हातात खराटा घेऊन गावं बाहेर पडली. २०१४ ला स्वच्छ भारत मिशन आलं, पात्र कुटुंबाला संडासासाठी बारा हजार रुपये मिळू लागले. बाईला उजाडायची वाट बघत पोट धरून बसावं लागत होतं, ते बरंच कमी झालं. पण आंघोळीचं काय? २०११ च्या जनगणनेत घरोघर विचारलं होतं, आंघोळीची सोय आहे का? उत्तराच्या रकान्यांत एक रकाना होता, "छत नसलेला आडोसा". खेड्यांतल्या अर्ध्याहून जास्त घरांत तर तोही नव्हता. संडास योजनेत आला, आंघोळ घरच्यावर राहिली. म्हणून आज कितीतरी बायका संडासाच्या अरुंद खोलीतच बादली घेऊन आंघोळ करतात.

मैत्रिणींनो, एवढा इतिहास वाचल्यावर मी वहिनींच्या घरी गेले. साठ-सत्तर वर्षांचं घर. कोपऱ्यातली मोरी साडेतीन फूट बाय चार फूट. फरशी मध्येच खचलेली, तिथं शेवाळ. भिंतीची माती ओलीनं कंबरेपर्यंत फुगलेली. दाराच्या जागी प्लॅस्टिकचा कागद. घरात सासू, दोन वयात आलेल्या मुली.

"सासूबाईंच्या हाताला काय झालं होतं?" मी विचारलं. तीन वर्षांपूर्वी त्या याच मोरीत घसरल्या, मनगट मोडलं. दवाखान्याला अकरा हजार गेले. वहिनींची दीड महिना मजुरी बुडाली. ते अकरा हजार कुठून आणले? आमच्याच गटातून. "दवाखाना" असं कारण लिहिलं होतं. त्या दिवशी कुणी विचारलं नव्हतं की दवाखान्यातून उत्पन्न काय येणार.

माझी मलाच लाज वाटली. आपली जुनी म्हण आहे ना, मोरीला बोळा आणि दरवाजा मोकळा. लहान वाटेनं जाणारं अडवायचं आणि मोठ्या वाटेनं जाऊ द्यायचं. आमच्या गटानं नेमकं तेच केलं होतं.

पुढच्या बैठकीत मी अर्ज पुन्हा ठेवला आणि माझी चूक झाली असं सांगितलं. वहीतली ती जुनी नोंद वाचून दाखवली. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग त्याच काकी म्हणाल्या, "लिही गं, माझी संमती." अठरा महिन्यांच्या हप्त्यानं कर्ज मंजूर झालं.

आता काम कसं केलं ते ऐका, म्हणजे तुमच्याही उपयोगी पडेल.

पहिलं माप. राष्ट्रीय इमारत संहितेत न्हाणीघर कमीत कमी १.८ चौरस मीटरचं असावं असं सांगितलंय. म्हणजे साधारण पाच फूट बाय चार फूट. बसून आंघोळ करायला आणि उठताना कोपर न आपटायला एवढी जागा लागतेच. वहिनींची मोरी स्वयंपाकघराच्या बाजूनं फूटभर वाढवली. जुन्या भिंतीला हात लावला नाही. दगड-मातीच्या भिंतीत नवं दार पाडणं धोक्याचं असतं. १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात अशा भिंतींनी काय केलं, ते आपल्याला माहीत आहे. भिंत फोडायचीच असेल, तर जाणत्या माणसाला दाखवल्याशिवाय पहार उचलू नका.

दुसरं ओल. मातीच्या ओल्या भिंतीवर थेट सिमेंट थापलं की ओल आत अडकते आणि भिंत आतून भुसभुशीत होते. म्हणून आधी फरशी उखडून, गळती थांबवून पंधरा दिवस कोपरा वाळू दिला. मग जुन्या भिंतीला लागून विटेची वेगळी पातळ भिंत उभी केली आणि टाइल तिच्यावर लावली.

तिसरं उतार. चार फुटांत सुमारे एक इंच उतार, न्हाणी ट्रॅपच्या दिशेनं. टाइल बसवायच्या आधी ट्रॅपला बोळा घालून मोरीत चार बोटं पाणी भरून एक दिवस ठेवलं. इथं मात्र मोरीला बोळा हवाच! पाणी उतरलं किंवा भिंतीला ओल दिसली, तर त्याच वेळी कळतं. मिस्त्री म्हणाला, "कशाला उगाच?" वहिनी म्हणाल्या, "बावीस वर्षं थांबले, एक दिवस थांबते की."

चौथं बाईच्या सोयीचं. आतून कडी लागणारं दार. डोक्याच्या वर झरोका, म्हणजे उजेड येतो, वाफ जाते आणि बाहेरून दिसत नाही. खरबरीत टाइल. सासूबाईंना धरून उठायला भिंतीला लोखंडी दांडी. कोरडे कपडे टांगायला उंचावर खुंट्या. भांड्यांची जागा बाहेर ओट्याजवळ काढली. आणि मुलींनी सुचवलं म्हणून परसात, ऊन येईल अशा जागी एक वेगळी दोरी. पाळीचे कपडे अंधारात लपवून वाळवायचे नाहीत, उन्हात वाळवायचे.

एक इशारा मात्र द्यायलाच हवा. लहान बंद न्हाणीत गॅसचा गिझर लावू नका, शेगडी पेटवू नका. त्यातून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो, माणूस बसल्या जागी बेशुद्ध होतो. पाण्यात टाकायचा विजेचा हीटर चालू असताना बादलीत हात घालू नका.

पाचवं बाहेर जाणारं पाणी. ते रस्त्यावर सोडलं की डबकं झालं, डास झाले, शेजारणीशी भांडण झालं. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावानं घरोघर शोषखड्डे करून उघडी गटारं आणि डास दोन्ही कमी केले. तेच बघून पुढं असे खड्डे रोजगार हमीतूनही होऊ लागले. ग्रामपंचायतीत विचारा, तुमच्या गावात मिळतात का. वहिनींनी भिंतीपासून दहा फुटांवर खड्डा खणला. खणायला गटातल्या आम्ही पाच जणी होतो. जमीन काळी, चिकट असेल तर पाणी मुरत नाही, तेव्हा आपली जुनीच रीत बरी, परसात केळी आणि कर्दळ.

काम संपल्यावर पहिली आंघोळ कुणी केली असेल? मला वाटलं वहिनी करतील. त्यांनी सासूबाईंना आत पाठवलं. त्या आत गेल्या, कडी लावली, आणि पाऊण तास बाहेरच आल्या नाहीत. आम्ही घाबरून हाक मारली, तर आतून म्हणतात, "अगं, दिवसाउजेडी अंग चोळतेय पहिल्यांदा. थांबा की जरा!"

मैत्रिणींनो, आज संध्याकाळी एक टेप घ्या आणि आपल्या घरची मोरी मोजा. लांबी, रुंदी, उतार, ओल, उजेड, कडी, सगळं वहीत लिहा. पुढच्या बैठकीला ती वही घेऊन या. आणि कुणी कर्जाच्या अर्जावर मोरी असं लिहिलं, तर आम्ही हसलो तसं हसू नका. सहा हप्ते झाले, वहिनींचा एकही चुकला नाही.

परवा त्या काकी भेटल्या. म्हणाल्या, "ताई, माझी मोरी तीन बाय साडेतीन भरली. अर्ज कसा लिहायचा?"